फोलपटांवरची फुंकर

दिवाकरभाऊ गेल्याचा फोन मडावींचा आला. मडावी एटापल्लीच्या गाडीवर कंडक्टर आहेत. फोनमागे बसस्थानकाचा गोंगाट होता. ते म्हणाले, "भाऊ गेले जी. सकाळी. वैनीनं सांगतलं, तुमाले कळवा म्हणून." त्यांच्यामागे उद्घोषणा चालूच होती... अहेरीची गाडी कुठल्या फलाटावर लागणार त्याची. संध्याकाळी मी आमच्या पेपरासाठी निधनाची बातमी केली. अशा बातमीचा साचा ठरलेला असतो. एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, पक्षीप्रेमी, दीर्घ आजाराने निधन, मागे पत्नी आणि विवाहित मुलगी. बातमीत चूक काही नव्हती. पण 'पक्षीप्रेमी' आणि 'दीर्घ आजार' हे शब्द तिच्यात शेजारीशेजारी बसले होते, आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे सांगायला त्या जागेत वाव नव्हता. तो संबंध इथे सांगतो आहे. रेखावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, विचारूनच लिहितो आहे. त्या म्हणाल्या, "लिहा. घरी पाखरं ठेवणाऱ्या लोकाईले समजलं पाह्यजे."

गडचिरोलीत दिवाकरभाऊंचं घर आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. रस्त्याकडची खोली पक्ष्यांची होती. हिरवे, पिवळे, निळे, चिमणीहून जरासे मोठे आणि लांब शेपटीचे हे पक्षी. सगळा जिल्हा त्यांना लव्हबर्ड म्हणतो. दिवाकरभाऊ दर वेळी दुरुस्ती करीत की हा लव्हबर्ड नव्हे, ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट आहे, याला बजी म्हणतात. आणि पुढच्याच वाक्यात स्वतः लव्हबर्ड म्हणत. पहिली जोडी मुलीनं हट्टानं आणली होती. ती शिकायला नागपूरला गेली, जोडी मागे राहिली. पुढे भिंतीवर पिंजऱ्यांची रांग लागली, खिडकीला जाळी बसली, आणि त्या खोलीतून वहिनींची शिलाई मशीन बाहेर आली.

आजारी पक्षी त्यांच्याकडे येऊ लागले ते एसटीमुळे. गुरांच्या दवाखान्यात बैल, शेळ्या आणि कोंबड्यांची रांग असते. तळहातावर मावणारा जीव घेऊन तिथे उभं राहायला लोक लाजत. दिवाकरभाऊ दिवसभर नियंत्रकाच्या खिडकीत बसलेले असत आणि सगळ्या गाड्यांचे कंडक्टर त्यांच्याकडे नोंदीला येत. सिरोंचा, अहेरी, आरमोरी, सिंदेवाही... कुठूनही एखादा कंडक्टर भोकं पाडलेला बुटांचा खोका खिडकीत ठेवी आणि म्हणे, "भाऊ, तुमचं पार्सल. जिवंत हाय बहुतेक." त्यांनी स्वतःचे बरेच पक्षी गमावून, नागपूरच्या एका पक्षीवैद्याला फोन करून करून, हे शिकून घेतलं होतं. जे येत नसे ते "नाई येत" म्हणून सांगत आणि खोका नागपूरच्या गाडीत चढवून देत. रानातला राघू कुणी आणला तर हात लावत नसत. तो पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, वनखात्याकडे न्या, म्हणत. एकदा कुरखेड्याकडचे एक गृहस्थ म्हणाले, "आमी नाई पकडला जी. थो पाहुणा आला आमच्या घरी." भाऊंनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "पाहुण्याले कुलूप लावतेत का तुमच्याकडे?"

त्यांची तपासण्याची रीत ठरलेली होती. आधी पिंजऱ्यातला कागद मागत आणि त्यावरची विष्ठा पाहत. गडद वेटोळं आणि वर पांढरा ठिपका असेल तर ठीक. नुसतं पाणी किंवा हिरवट चिकट असेल तर काळजी. मग पक्षी रुमालात धरून छातीवर हलकी फुंकर घालत. पिसं बाजूला झाली की मधलं हाड दिसे. ते सुरीच्या पात्यासारखं वर आलं असेल, तर पक्षी बऱ्याच काळापासून झिजतो आहे. "पाखरू आजार लपवते," ते सांगत. "रानात ज्यानं दाखवला थो मेला. म्हणून दिसला तवा उशीर झाला राह्यते." आणि तिसरी गोष्ट म्हणजे ते दाण्याची वाटी मागत. बहुतेकांनी ती आणलेलीच नसे.

या वाटीची एक हकीकत मी त्या खिडकीशी उभा राहून पाहिली आहे. आरमोरीच्या एक बाई पक्षी, पिंजरा, वाटी सगळं घेऊन आल्या होत्या. पक्षी गोळा होऊन तळाशी बसला होता. बाई म्हणाल्या, "दोन दिसांपासून वाटी भरलीच हाय, खातच नाई थे." भाऊंनी वाटी तोंडासमोर धरली आणि जोरात फुंकर मारली. सगळं उडालं. खाली स्टीलचा तळ चमकला. हे पक्षी दाणा सोलून खातात आणि फोल तिथेच टाकतात, त्यामुळे रिकामी वाटी वरून काठोकाठ भरलेली दिसते. "उपाशी हाय बाई थे," भाऊ म्हणाले. "भरल्या वाटीवर बसून उपाशी." त्यांनी कांगाचा बारीक दाणा आणि बाजरी टाकली, आणि पक्ष्यानं मान वर केली. औषध दिलं नाही. बाईंना एवढंच सांगितलं की रोज सकाळी उठल्यावर पहिलं काम, वाटीवर फुंकर. हे वाक्य त्यांनी किती घरांत पोचवलं असेल, त्याचा हिशेब नाही. स्वतः ते रोज सकाळी सगळ्या पिंजऱ्यांच्या वाट्या एकेक करून फुंकत. खोलीच्या मध्यभागी उभे राहून, दार लावून, कारण दार उघडं राहिलं तर पक्षी उडून जाण्याची भीती. खिडकीतून ऊन आत आलेलं असे आणि त्या उन्हात फोलपटं, पिसांचा भुरा आणि वाळलेल्या विष्ठेची बारीक धूळ तरंगत राही. ती दिसायला सुंदर होती. मीही ती पाहिली आहे.

आहाराबाबत ते कडक होते. नुसता दाणा म्हणजे नुसता भात, असं म्हणत. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग, आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं. चुन्यासाठी जडीबुटीच्या दुकानातला समुद्रफेस पिंजऱ्याला बांधायचा. चहात बुडवलेलं बिस्किट बंद, मिठाचं काही बंद. आमच्या झाडीपट्टीतल्या घरांत धानाच्या मागून आलेली लाखोळीची डाळ असतेच. ती कच्ची भिजवून पक्ष्याला घालणाऱ्यांना ते रागावत. ती महिनोन् महिने खाल्ली की माणसाचे पाय कसे लुळे पडतात, हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. टॉनिकच्या बाटलीवर त्यांचा विशेष राग. कोंबड्यांसाठीचं जीवनसत्त्वांचं औषध लोक अंदाजानं पाण्याच्या भांड्यात ओतत. पाणी कडू झालं की पक्षी प्यायचं थांबतो, आणि उन्हाळ्यात तेच पाणी दुपारपर्यंत नासतं. "टॉनिक द्यायचं तं अंड्यावर एक थेंब," ते सांगत, "आन् आधी सांगा, पाला देऊन राह्यले का? पाला देत असान तं बाटली घरीच ठेवा." आजारी पक्ष्यासाठी खोक्याच्या एका बाजूला पिवळा बल्ब, दुसरी बाजू थंड, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येईल. चोचीच्या कडेला साखरमिठाचं पाणी, थेंबानं. घशात ओतायचं नाही, श्वासात जातं.

खोकला केव्हा सुरू झाला, हे वहिनींनाही नेमकं सांगता येत नाही. निवृत्तीनंतर वाढला, एवढं नक्की. आधी दिवसभर ते बसस्थानकावर असत, आता दिवसभर त्या खोलीत. कोरडा खोकला, कफ नाही. चामोर्शी नाक्यापर्यंत चालत गेले की थांबून उभे राहत आणि कुठल्यातरी दुकानाची पाटी वाचत असल्याचा आव आणत. गल्लीत ज्याचं त्याचं निदान तयार होतं. कुणी म्हणालं सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची लाल धूळ. कुणी म्हणालं नोकरीभर डिझेलचा धूर खाल्ला, तो आता निघतो आहे. क्षयाची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. अडुळशाचा काढा झाला, सिरपच्या बाटल्या झाल्या. ज्या दिवशी ते पिंजरे खरवडून साफ करीत, त्या दिवशी संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरून ताप येई आणि सकाळी उतरलेला असे. दिवाळीनंतर ते मुलीकडे नागपूरला राहिले, तर खोकला जवळजवळ थांबला. सगळ्यांनी त्याला हवापालट म्हटलं. नागपूरची हवा गडचिरोलीहून चांगली, हे ऐकून मला हसू आलं होतं. भाऊ हसले नव्हते. आता मागे पाहताना वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्याच्या पक्ष्याच्या विष्ठेवरून चार दिवसांचा इतिहास सांगणारा माणूस स्वतःचा ताप कुठल्या दिवशी येतो, हे पाहत नसेल, असं मानणं कठीण आहे.

मुलीनंच त्यांना नागपूरच्या एका छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे नळीत फुंकायला लावतात. यंत्रापाशी बसलेला माणूस म्हणतो, जोरात, अजून, अजून, थांबू नका... आणि पडद्यावर एक रेघ वर चढते. भाऊंची रेघ चढली नाही. नंतर डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. बिडी? नाही. गिरणीत काम? नाही. "घरात पक्षी आहेत का? कबुतरं, पोपट, कोंबड्या?" भाऊ म्हणाले, "नाई जी." वहिनी शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्या मला म्हणाल्या, "मले वाटलं, माह्या कानानं चूक ऐकलं." मुलगी औषधांच्या खिडकीशी रांगेत होती, तिनं हे ऐकलंच नाही. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, कागद पुढे सरकला, आणि तो क्षण निघून गेला.

परतीच्या बसमध्ये दोघंच होते. भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी मागे पडलं. वैनगंगेच्या पुलावर गाडी आली तेव्हा वहिनींनी विचारलं, "डॉक्टरले खोटं काऊन सांगतलं?"

"विचारलं तसं सांगतलं. कबुतरं कुठी हायेत आपल्या घरी?"

"पयले पक्षी म्हणला थो."

भाऊ खिडकीबाहेर पाहत होते. तसेच म्हणाले, "थो काय सांगन, मले माहीत हाय. मंग सांगून काय फायदा?"

वहिनी म्हणाल्या, "पाखरांसोबत राहून पाखरासारखं लपवाले शिकले तुमी." मग आरमोरी आली, माणसं चढली, आणि बोलणं तिथेच राहिलं.

पावसाळा असाच गेला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी थोडा फरक पडे आणि जाई. वहिनींच्या पोटात ती गोष्ट राहिली होती. नवऱ्यानं डॉक्टरसमोर सांगितलेलं खोटं बायकोनं उघडं पाडायचं की नाही, हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही, मलाही नाही. दुसऱ्या खेपेला डॉक्टर छातीचा फोटो उजेडावर धरून पाहत होते. फुप्फुसाला जाळी धरू लागली आहे, कारण मात्र सापडत नाही, असं ते म्हणाले. तेव्हा वहिनी बोलल्या. "डॉक्टर, घरी पाखरं हायेत. एक खोली भरून. तिथंच राह्यतेत हे दिवसभर." डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. भाऊंनी वहिनींकडे पाहिलं, चुकीचं तिकीट फाडलेल्या कंडक्टरकडे पाहावं तसं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीनं काही माणसांच्या फुप्फुसांना अशी सूज येते. सगळ्यांना येत नाही, पण ज्याला येते त्याचं फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. पक्षी घरातून गेले पाहिजेत, खोली धुतली गेली पाहिजे, आणि ती यांनी धुवायची नाही. "औषध मी देईन. पण रोज तीच धूळ आत जाणार असेल, तर माझ्या औषधाला अर्थ नाही." वहिनींनी एकच विचारलं, "पयल्या खेपेले सांगतलं असतं तं?" डॉक्टर म्हणाले, "फरक पडला असता. किती, ते मला सांगता येणार नाही." भाऊ तोपर्यंत उठून दाराशी गेले होते.

त्यानंतरचे दिवस त्या घरात वाईट गेले. ओरडाआरडा ऐकू आला नाही. ते दोघे ओरडणारे नव्हते. पण मी गेलो की दोघं माझ्याशी बोलत, एकमेकांशी नाही. भाऊंनी तडजोडी सुचवल्या. तोंडाला मास्क बांधतो. खिडकीत पंखा लावतो. पिंजरे मागच्या गुरांच्या कोठ्यात हलवतो. वहिनींनी प्रत्येकीला तेच उत्तर दिलं, "डॉक्टर काय म्हणला?" एक दिवस त्यांनी पिशवी भरली आणि सिंदेवाहीला भावाकडे निघाल्या. दारात मी होतो म्हणून माझ्यासमोर बोलल्या, पण मला उद्देशून नव्हे. "या घरी माणूस मरताना पाहाले मी बसणार नाई. खोली खाली झाली का बोलवा. मी येतो." आमच्याकडे बायाही बोलताना 'मी येतो' म्हणतात. भाऊ ओट्यावर बसून होते. म्हणाले, "गाडी साडेदहाची हाय. फलाट बदलला तिचा. इचारून घे." वहिनी गेल्या.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी त्यांच्याकडे चक्कर मारत असे. एका सकाळी दार आतून लावलेलं नव्हतं. भाऊ खोलीच्या मध्यभागी उभे होते, मास्क गळ्यात लोंबत होता, हातात वाटी. त्यांनी श्वास घेतला आणि वाटीवर फुंकर मारली. वाटीतलं एकही फोल हललं नाही. पुन्हा श्वास घेतला. तो अर्ध्यातच खोकल्यानं तुटला. ते भिंतीला टेकले, डोळे मिटून थांबले, ओठ काळसर पडले होते. पक्षी ओरडत होते, नेहमीसारखेच. खोकला ओसरला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि वाटी माझ्याकडे केली.

"फुंका जी जरा."

मी वाटी घेऊन बाहेर अंगणात गेलो आणि फुंकली. आत आलो तोवर ते खुर्चीवर बसले होते. दाण्याचा डबा मांडीवर होता, पण त्यांनी तो उघडला नाही. रांगेतल्या पिंजऱ्यांकडे पाहत ते म्हणाले, "आता माह्या भरवशावर राह्यले तं हे उपाशी मरतीन." त्यांनी स्वतःच्या श्वासाबद्दल काही म्हटलं नाही. वहिनींना फोन लावला, आणि तिकडून त्या काही बोलायच्या आत म्हणाले, "देऊन टाकतो. ये तू."

पक्षी द्यायचे ठरले, पण कुणालाही नाही. बातमी कंडक्टरांमार्फत पसरली आणि वडसा, चामोर्शी, आरमोरीहून लोक येऊ लागले. भाऊ आता खोलीत जात नसत. ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येकाची परीक्षा घेत. फोलांनी भरलेली एक वाटी बाजूला ठेवलेली होती. आलेल्याला ती दाखवत आणि विचारत, "दाणा हाय का याच्यात?" जो म्हणे "हो, भरली हाय", त्याला चहा पाजून परत पाठवत. चामोर्शीच्या एका गुरुजींनी वाटी हातात घेतली, बोटानं ढवळली आणि म्हणाले, "हे तं फोलच हाय सारं." त्यांना चार पक्षी मिळाले. मात्र देताना आता सांगणं बदललं होतं. फुंकर मारा, हे भाऊ म्हणत नसत. वाटी बाहेर न्या, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, सुपात घेऊन पाखडा, तोंडाला फडकं बांधा, पिंजरा ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका. एकानं विचारलं, "एवढं कायले जी?" वहिनी दारातून म्हणाल्या, "त्याईचा खोकला ऐकून राह्यले ना तुमी?"

खोली रिकामी झाली. सिंदेवाहीहून वहिनींचे भाऊ आले, त्यांनी भिंती धुतल्या. गोष्ट इथे संपली असती, पण बुटांचे खोके यायचे थांबले नाहीत. पार्सलं पाठवणाऱ्यांना काय माहीत. डिसेंबरच्या एका सकाळी मडावी खोका घेऊन थेट घरी आले. एटापल्लीच्या रस्त्याची लाल धूळ त्यांच्या गणवेशावर होती. खोका त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला आणि तिथेच उभे राहिले. भाऊ ओट्यावर होते, नाकाला प्राणवायूची नळी. वहिनी तुळशीपाशी. खोक्यातून काही आवाज येत नव्हता. भाऊ उठू लागले.

"बसा," वहिनी म्हणाल्या.

"पाह्यतो फक्त."

"बसा म्हणलं ना."

मडावी म्हणाले, "वैनी, मी नेतो वापस. खोका देणारी पोट्टी लय रडून राह्यली होती गाडीत चढवताना, म्हणून आणलं. माही गाडी सुटते आता." पण त्यांनी खोक्याला हात लावला नाही, आणि भाऊ खुर्चीच्या दांड्यांवर हात ठेवून अर्धे उठलेले तसेच राहिले. वहिनी त्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. मग त्यांनी पदर नाकावरून घेऊन मागे गाठ मारली, भिंतीपाशी गेल्या, खोका उघडला आणि पाठ न वळवता म्हणाल्या, "सांगा. काय पाहू?"

भाऊ खाली बसले. "कागद पाह्य. कसा हाय?"

"पाणी पाणी. हिरवं."

"शेपूट हालून राह्यली का श्वासासंगं?"

"हो."

"छातीचं हाड?"

वहिनींनी आयुष्यात पक्षी हातात धरला नव्हता. पहिल्या वेळी तो निसटला, दुसऱ्या वेळी त्यांनी फार जोरात धरला आणि भाऊ ओरडले, "छाती दाबू नोको, श्वास छातीनंच घेते थे." हे वाक्य बोलताना त्यांना स्वतःला दम लागला. मडावींची गाडी सुटायची होती, ते गेले. त्या दिवशी कोठ्यात बल्ब लागला, साखरमिठाचं पाणी थेंबाथेंबानं दिलं गेलं, औषध नागपूरला विचारून दिलं. भाऊ ओट्यावरून विचारत, वहिनी कोठ्याच्या दारातून सांगत, पदर बांधलेला. प्रत्येक वेळी हात साबणानं धुऊन, पातळ बदलून मगच त्या घरात येत. पक्षी चौथ्या-पाचव्या दिवशी दाणा सोलू लागला. मडावी त्याला परत घेऊन गेले. त्या काळात त्या दोघांना एकमेकांशी इतकं बोलताना मी कित्येक महिन्यांनी पाहत होतो. बोलणं सगळं विष्ठेचं आणि थेंबांचं होतं.

भाऊंच्या फुप्फुसात जे कडक झालं होतं ते परत मऊ झालं नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. थंडीत वीज गेली की प्राणवायूचं यंत्र बंद पडे आणि वहिनी सिलिंडर उघडायला धावत. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता. ते हातानं विचारत, खोका आला का? वहिनी मान हलवून नाही म्हणत. खोके येत होते, असं त्या मला आता सांगतात. त्यांनी ते कोठ्यात ठेवले होते. त्या दोघांपैकी कुणी कुणाला किती खोटं सांगितलं, त्याचा मेळ आता घालण्यात अर्थ नाही.

परवा, तेरवीला काही आठवडे होऊन गेल्यावर, मी त्या घरी गेलो. रस्त्याकडची खोली चुन्यानं पांढरी केली आहे. पिंजऱ्यांचे खिळे भिंतीत तसेच आहेत. खिडकीची जाळी काढली आहे. शिलाई मशीन परत आत आणा, असं मुलगी म्हणाली, पण वहिनींनी तिथे काही ठेवलेलं नाही. आम्ही त्या रिकाम्या खोलीच्या दारात बोलत उभे होतो तेव्हा फाटकाशी मोटरसायकल थांबली. एक जोडपं होतं, बाईच्या मांडीवर ओढणीनं झाकलेला पिंजरा. पोर्ल्याकडून आले होते. भाऊ गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. वहिनींनी सांगितलं, तशी ती बाई "अगं माय" म्हणाली आणि नवऱ्याला गाडी वळवायला सांगू लागली.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्या फाटकापर्यंत गेल्या, पदर नाकावर घेतला, ओढणी वर करून पाहिलं. पंखाची दोन-तीन पिसं अर्धवट गळालेली होती, बाकी पक्षी टवटवीत दिसत होता. "पिसं बदलून राह्यला. आजार नाई हा. अंडं द्या, पाला द्या, अंघोळीले पाणी ठेवा. आन् टॉनिक नोका टाकू पाण्यात." बाईचा चेहरा सैल झाला. ती पिंजरा पुन्हा झाकू लागली. नवऱ्यानं गाडीला किक मारण्याआधी तोंड बाजूला केलं आणि खोकला. कोरडा, लहान खोकला, पुन्हा एकदा, आणि मग दम खाऊन आणखी एकदा.

वहिनींनी पिंजऱ्यावरचा हात काढला. "कवाचा हाय हा?"

"काय जी? खोकला?" तो हसला. "थंडीचा हाय. होते असाच."

"पिंजरा कोण साफ करते घरी?"

"हेच करतेत," बाई म्हणाली. "मले नाई जमत."

"डॉक्टरले दाखवलं? त्याले सांगतलं का, घरी पाखरं हायेत म्हणून?"

त्यानं बायकोकडे पाहिलं, मग हँडलकडे. वहिनींनी फाटकाची कडी काढली.

"पिंजरा तिथंच ठेवा, सावलीत," त्या म्हणाल्या. "तुमी आत या."